एक जूनची हरणं

भाच्याचा फोन आला तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरातली अंधारी सकाळ होती. तिकडे मंगळवेढ्याला दिवस मावळत आला असणार. मागे गुरांच्या घंटा वाजत होत्या. "मामा," तो म्हणाला, "आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवतोय. गुरुजी जन्मतारीख विचारतायत. तिचं वय नेमकं किती, तुम्हीच सांगा."

आक्काच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे. नोंदणीच्या दिवशी तारीख सांगता आली नाही, म्हणून अंदाजानं साल लिहिलं आणि वर्षाचा पहिला दिवस तिच्या नावावर पडला. गांधीजी गेले तेव्हा ती आईच्या कडेवर नव्हती, धरून का होईना पण चालत होती, असं आमची आजी सांगायची. दोन पावसाळे पाहिलेली की तीन, यावर आजीचं आणि आईचं कधी एकमत झालं नाही. आता त्या दोघीही नाहीत. आक्का सोडली तर घरातलं सगळ्यांत जुनं माणूस मी, आणि मी तर तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी धाकटा. थोरलीचं वय धाकट्यानं कुठून सांगावं?

"बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

माझी स्वतःची जन्मतारीख १ जून १९५४. ती खरी नाही. १९६० सालच्या जूनमध्ये अण्णा, माझे वडील, मला शाळेत घेऊन गेले. गुरुजींनी विचारलं, "पोराचा जन्म कधीचा?" अण्णा म्हणाले, "सुगी आटपली होती." गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायला सांगितलं. बोटं कानाच्या पाळीला लागली. मग त्यांनी तोंड उघडायला लावलं. पुढचे दोन दुधाचे दात पडले होते. "सहा झाली," असं म्हणत त्यांनी रजिस्टरात १ जून लिहिलं. त्या वर्षी वर्गात आलेली बहुतेक सगळी पोरं १ जूनची. पुढे मी शिक्षक झालो आणि ३१ मे २०१२ला निवृत्त झालो, तेव्हा त्याच दिवशी जिल्ह्यात कितीतरी जण निवृत्त झाले. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा जन्म शाळा उघडण्याच्या सुमारास झालेला आहे.

त्या दिवशी आक्का शाळेच्या दाराबाहेर उभी होती. माझी पाटी तिच्या हातात होती. मी कान धरला तेव्हा तिनंही बाहेरच्या बाहेर डोक्यावरून हात टाकून बघितला. तिचा हात कानाच्या खाली गालापर्यंत पोचला. ते फक्त मी पाहिलं.

*

मुलगी मॅडिसनला राहते. मी दोन वर्षांआड येतो, पण नोव्हेंबरात पहिल्यांदाच आलो होतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे बंदुकीनं हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. रस्त्यांवर केशरी जाकिटं दिसायला लागतात. त्या सकाळी शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "येता का बरोबर? हरीण कापायला द्यायचंय, बाराबू गावाकडे. तिथे वय बघणारी बाईही असते, तुम्हाला बघायला आवडेल." आमचं घर माळकरी. मी मटण खात नाही. मेलेलं जनावर बघायला हौसेनं जावं, असा माझा स्वभाव नाही. पण 'वय बघणारी' हा शब्द त्या सकाळी मला सोडेना. मी गेलो.

ते मांस कापून देणारं दुकान होतं. मागच्या अंगणात पिकअप गाड्या रांगेनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या हौद्यात एक-दोन हरणं. पांढऱ्या शेपटीची, हिवाळ्याच्या करड्या अंगाची, पोट साफ केलेली. थंडी इतकी की रक्ताचा वासही गोठल्यासारखा वाटत होता. इथे या मारण्याला 'हार्वेस्ट' म्हणतात, म्हणजे सुगी. तो शब्द ऐकून मी आधी आतून आक्रसलो. मग दिवसभर तो शब्द माझ्याबरोबर राहिला आणि त्याचा वेगळा अर्थ लागला. तो पुढे सांगतो.

राज्याच्या वन्यजीव खात्यातली एक तरुण जीवशास्त्रज्ञ तिथे कामाला होती. हातात रबरी मोजे, कपाळावर विजेरी. एका हरणापाशी ती गुडघे टेकून बसली, गाल आतून मोकळा केला, दातांमध्ये एक लोखंडी आकडा सरकवून जबडा फाकवला, मान वाकवून आत पाहिलं आणि जेमतेम दहा सेकंदांत म्हणाली, "दीड." दुसऱ्या हरणापाशी "अडीच." तिसऱ्यापाशी ती थांबली, प्रकाश तिरका केला, पुन्हा पाहिलं. "साडेचार... साडेचार असावं."

मी जवळ सरकलो. मला अण्णा दिसायला लागले होते.

*

अण्णा व्यापारी नव्हते. पण सांगोल्याच्या बाजारात बैल घ्यायला निघालेला आमच्या पंचक्रोशीतला माणूस अण्णांना बरोबर घेऊन जायचा. खिलारी खोंड समोर आला की अण्णा आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ नुसते उभे राहायचे. मग एका हातानं नाकाडाला धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ हलकेच उलगडायचे. गाई-बैलांना वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, तिथे कातड्यासारखी टणक हिरडी असते. खाली पुढे आठ दात. सगळे दुधाचे असतील तर तो आदत. मधली जोडी पडून रुंद पक्के दात आले की दोन दाती. मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. दोन-अडीच वर्षांपासून साडेचार-पाचपर्यंतचं वय असं ओठाआड लिहिलेलं असतं. गुरांचे व्यापारी, म्हणजे हेडी लोक, म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल लावून, रंगवून आणायचे. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे. शिंगांना रंग चढवता येतो, दातांना नाही. म्हणून अण्णा शिंगांकडे बघतच नसत.

हरणाचंही असंच. शिंगाला फाटे जितके तितकं हरणाचं वय, असं इथले बरेच शिकारी अजून मानतात. पण या हरणांची शिंगं दर हिवाळ्यात गळून पडतात आणि नवी उगवतात, ती किती फुटावीत हे खाण्यावर, वयावर आणि वंशावर ठरतं. तरण्या, भरल्या पोटाच्या नराला आठ फाटे असतील आणि म्हाताऱ्याला सहाच. खरं ते तोंडात.

बैलाचं वय तोंडाच्या दारातच कळतं, हरणाचं मात्र आत माजघरात. हरणालाही खाली पुढे आठच दात असतात आणि वर एकही नाही. पण त्याचे पुढचे दात पहिल्या वर्षातच बदलून पक्के होतात, मग त्यांच्याकडून काही कळत नाही. म्हणून दाढा बघायच्या. त्या जिवंतपणी दिसत नाहीत. जिवंत हरीण स्वतःचं वय कोणाला सांगत नाही.

त्या बाईनं माझी उत्सुकता पाहिली असावी. तिच्या गाडीत एक फळी होती, तिच्यावर नमुन्याचे जबडे ओळीनं तारेनं बांधलेले. ती म्हणाली, "या, दाखवते." तिनं माझ्या हातात एक जबडा दिला. हलका, वाळलेला, हाडाला उजेड लागला की पिवळसर दिसणारा. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

खालच्या जबड्याच्या एका बाजूला सहा दाढा असतात, तीन पुढच्या आणि तीन मागच्या. वर्षाच्या आतल्या पाडसाला नोव्हेंबरात चार दिसतात, पाचवी डोकावत असते. त्यापुढचं सगळं मोडतं ते तिसऱ्या दाढेवर. दुधाची असताना तिला तीन उंचवटे असतात, तीन टेकड्या शेजारी शेजारी उभ्या असाव्यात तशा. पक्की आली की दोनच. आणि ती बदलते साधारण दीड वर्षाच्या सुमारास, म्हणजे बरोब्बर या शिकारीच्या दिवसांत. कधी झिजलेली, डागाळलेली दुधाची दाढ अजून असते, कधी तिच्याखालून नवी कोरी पांढरी वर ढकलत असते. तीन टेकड्या दिसल्या की दीड, दोन पक्क्या दिसल्या की अडीच किंवा पुढे. इथवर शंका नाही.

"पण हे अर्धं कुठून आलं?" मी विचारलं. "सगळ्यांना अर्धं वर्ष कसं?"

ती म्हणाली, "कारण सगळी जूनमध्ये जन्मलेली धरतो. पाडसं मेच्या शेवटी आणि जूनमध्ये होतात. शिकार नोव्हेंबरात. म्हणून प्रत्येकाचं वय इतकं आणि अर्धं."

सगळी जूनमध्ये जन्मलेली. मी हातातला जबडा खाली ठेवला नाही, तसाच धरून उभा राहिलो. कोणाचा तरी जन्म मेच्या वीस तारखेला झाला असेल, कोणाचा जुलैच्या मध्यात. पण जगाला मोजदाद करायची असते, आणि मोजदादीसाठी कुठला तरी एक महिना सगळ्यांना द्यावा लागतो. आमच्या गुरुजींनी तरी दुसरं काय केलं? दुधाचे दात पाहिले, महिना जून लिहिला.

*

अडीच वर्षांनंतर दाढा बदलणं संपतं आणि झिजणं वाचायची वेळ येते.

दाढेवर बाहेरून पांढरं, काचेसारखं कठीण एनॅमल असतं. आत तपकिरी, मऊसर डेंटिन. नवी दाढ म्हणजे पांढऱ्या धारदार कडा आणि मध्ये केसाएवढी तपकिरी रेघ. पाला, गवत, डहाळ्या चघळून, गिळून, पुन्हा वर आणून रवंथ करून कडा झिजतात आणि तपकिरी रेघ रुंदावत जाते. पहिल्या मागच्या दाढेवर तपकिरी पट्टा पांढऱ्याहून अरुंद असेल तर अडीच. रुंद झाला तर साडेतीन. दुसरीवर रुंद झाला की साडेचार, तिसरीवर झाला की साडेपाच. पुढे दाढेतल्या खोल खाचाही झिजून सपाट होतात आणि शेवटी दाढ बशीसारखी गुळगुळीत होते.

"पहिलीच आधी का झिजते?" मी विचारलं.

"कारण ती आधी आलेली असते. पाडस दोन-तीन महिन्यांचं असतानाच ती येते. बाकीच्या यायच्या आत तिनं काम सुरू केलेलं असतं."

घरात जी आधी येते ती आधी झिजते. आक्का मला कडेवर घेऊन शेण-घाण करायची, विहिरीवरून पाणी आणायची, आई रानात गेली की चूल पेटवायची. मी शाळेत गेलो आणि ती गेली नाही, त्याचं कारण एवढंच की ती माझ्याआधी आली होती. तिनंही बाकीचे यायच्या आत काम सुरू केलं होतं. आम्ही पाच भावंडं शिकलो, त्याखाली तिची झीज आहे. हे आजवर मला शब्दांत सांगता आलं नव्हतं. ते त्या दिवशी हरणाच्या एका दाढेनं सांगितलं.

*

हरणांचं वय दातांवरून असं पायरीपायरीनं वाचण्याची रीत घालून दिली ती सी. विल्यम सेव्हरिंगहाउस यांनी. न्यूयॉर्क राज्याच्या वन्यजीव खात्यात ते काम करत. ज्यांचं वय ठाऊक होतं अशा हरणांचे जबडे त्यांनी शेजारी शेजारी मांडले, दाढा कधी येतात, कधी बदलतात, कुठली कधी किती झिजते हे टिपलं आणि १९४९ साली तो लेख प्रसिद्ध केला. त्यावरूनच आजही त्या बाईसारखी माणसं जबड्यात विजेरी धरतात.

१९४९ हे साल विस्कॉन्सिनला आणखी एका गोष्टीसाठी आठवतं. आम्ही उभे होतो त्या बाराबूपासून थोड्याच अंतरावर, विस्कॉन्सिन नदीकाठी, आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ साली एक पडीक, वाळूनं निकामी झालेलं शेत घेतलं होतं. तिथल्या खोपटात राहून त्यांनी झाडं लावली, नोंदी केल्या. १९४८च्या एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या रानात लागलेला वणवा विझवताना त्यांचा मृत्यू झाला, आणि 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे त्यांचं पुस्तक पुढल्या वर्षी, १९४९ला निघालं. तरुणपणी लांडगे मारणारा हा माणूस पुढे सांगू लागला की लांडगे संपले की हरणं वाढतात, हरणं वाढली की डोंगराची हिरवळ संपते, आणि मग हरणं उपाशी मरतात. १९४०च्या दशकात विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडच्या जंगलांत हिवाळ्यात हरणं भुकेनं मरत होती. माद्याही मारू द्या, कळप कमी करा, असं ते म्हणाले तेव्हा लोक त्यांच्यावर संतापले. हरणांवर प्रेम करणाऱ्या माणसानं हरणं मारा म्हणावं, हे पचायला अवघडच.

मलाही अवघड गेलं. पण त्या अंगणात उभं राहून ते सगळं समजत गेलं. जंगलात जिवंत हरणं किती आहेत, हे मोजता येत नाही. ती दिसत नाहीत, पळतात, झाडीत मिसळतात. मेलेली मात्र मोजता येतात. शिकारीत मिळालेल्या नरांत दीड वर्षांचे किती, हे दातांवरून कळलं की दरसाल कळपातले किती नर जातात याचा अंदाज बांधता येतो. त्यात मिळालेल्या हरणांची संख्या, माद्या आणि पाडसांचं प्रमाण घातलं की जिवंत कळपाचा आकडा निघतो. या राज्यात हा हिशेब कित्येक वर्षं वापरात आहे. पुढच्या वर्षी किती शिकारीला परवानगी द्यायची, हे त्यावर ठरतं. त्याच जबड्यांपाशी गळ्यातल्या गाठींचे नमुनेही घेतात, कारण २००२ साली या राज्यात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला, हरणाला आतून हळूहळू झिजवत नेणारा आणि ज्याला औषध नाही असा रोग. कुठल्या वयाच्या हरणाला तो झाला, हेही दातच सांगतात.

तेव्हा 'सुगी' हा शब्द मला वेगळा ऐकू आला. सुगीत धान्य नुसतं घरात भरत नाहीत. पुढच्या पेरणीसाठी बी किती ठेवायचं, याचाही विचार खळ्यावरच होतो. मेलेल्यांच्या तोंडावरून जिवंतांचा आकडा काढणं हा तसाच, बियाण्याचा विचार आहे.

*

दुपारी काम जरा कमी झालं तेव्हा ती गाडीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "खरं सांगू? अडीचच्या पुढे मी जो आकडा लिहिते, तो पक्का नसतो."

२००२ साली एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जन्मल्यापासून खूण केलेल्या, नेमकं वय ठाऊक असलेल्या हरणांचे जबडे कसलेल्या जीवशास्त्रज्ञांपुढे ठेवले आणि वय विचारलं. पाडस आणि दीड वर्षांचं त्यांनी बरोबर ओळखलं. पुढे मात्र चुका होत गेल्या, आणि अभ्यासकांनी सांगितलं की झिजेवरून पाडस, दीड वर्षाचं आणि मोठं, एवढे तीन गट करावेत, त्याहून बारीक सांगू नये. कारण झीज वर्षांवर ठरत नाही, ती खाण्यावर आणि मातीवर ठरते. एका रानात कोवळा पाला मिळतो, दुसऱ्या रानात जून डहाळ्या. वाळूच्या मुलखात पाल्याबरोबर वाळूही तोंडात जाते. एकाच रानातल्या दोन बहिणींच्या दाढाही सारख्या झिजत नाहीत.

मी तिला अण्णांचं सांगितलं. बाजारात एकानं त्यांना जुळलेल्या बैलाचं वय विचारलं होतं. अण्णांनी ओठ उलगडला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "जुळल्यावर बैलाचं वय सांगता येत नाही. त्यानं काम किती केलं, ते सांगता येतं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हे वाक्य तिनं मला पुन्हा म्हणायला लावलं आणि वहीच्या कडेला लिहून घेतलं. माझ्या अडाणी बापाचं वाक्य विस्कॉन्सिनच्या वहीत उतरलं, याचा मला फार आनंद झाला.

आमच्या आजीचे दात असेच आखूड, सपाट झालेले होते. पडले नव्हते, झिजले होते. घरात जातं होतं. वर्षातून एकदा जात्याला टाकी लावायला माणूस यायचा. पाळू खडबडीत करून गेला की पुढचे चार दिवस भाकरीत कचकच लागायची. आम्ही पोरं तोंड वाकडं करायचो. आजी म्हणायची, "खा, भाकरीसंगं दगूड बी पोटात जातो, म्हणून तर माणूस टिकतं." दगड पोटात जात होता, दात दगडात जात होते. आणि पोरांना समजावून समजावून दातांच्या कण्या झाल्या असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्या भाषेलाही ठाऊक असतं की दात वर्षांनी झिजत नाहीत. ते खर्च होतात.

मग वय कशावरून काढायचं? तिनं खिशातून एक छोटं पाकीट काढलं. त्यात पुढचा एक दात. "प्रयोगशाळेत पाठवणार," म्हणाली. दाताच्या मुळाभोवती सिमेंटम नावाचा थर दरवर्षी चढत जातो, झाडाच्या खोडात वलयं चढतात तसा. मुळाचा पातळ काप काढून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की रेषा मोजता येतात. १९५०मध्ये व्हिक्टर शेफर यांनी सीलच्या दातांवरची अशी वलयं दाखवून दिली, १९६३मध्ये लो आणि कावन यांनी ती हरणांमध्ये वाचली. आज मोंटानात यासाठीच चालणाऱ्या प्रयोगशाळेत दूरदूरहून दात येतात. जिथे हिवाळा कडक, तिथे रेषा स्पष्ट.

"रेषा उन्हाळ्याची की हिवाळ्याची?" मी विचारलं.

"काळी रेषा हिवाळ्याची. उन्हाळ्यात वाढ भरभर होते, थर रुंद आणि फिकट येतो. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा काळी बारीक रेघ उमटते. आम्ही त्या काळ्या रेघा मोजतो."

मी तिथेच पायरीवर बसलो. आमच्या गावात कोणाचं वय कधी भरल्या वर्षावरून कोणी सांगितलं आहे? आजी म्हणायची, मानमोडीच्या साथीत माझा थोरला भाऊ गेला, तेव्हा मी इतकी होते. आई म्हणायची, बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या यायच्या तेव्हा माझं लग्न झालं. आणि आमच्या पिढीची खूण बहात्तर. बहात्तरच्या दुष्काळात कोणाला किती पोरं होती, कोणाचं लग्न लांबलं, कोणाचा बैल छावणीत मेला, यावरून अजून गावातली वयं जुळवतात. चांगल्या पावसाची वर्षं किती आली आणि गेली, त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत. ती रुंद, फिकट, सुखाची वर्षं. मोजता येतात त्या काळ्या रेघा.

बहात्तरला आक्का सासरी होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची, गार झाली की चामड्यासारखी व्हायची. त्या ज्वारीच्या देशात मी आज बसलो होतो, आणि आक्काच्या दाढांवर या देशाच्या दाण्याचीही झीज आहे, हे मला पहिल्यांदा लख्ख दिसलं.

*

शेवटी एक म्हातारी मादी आली. तिला आणणारा तरुण जरा ओशाळलेला होता. जबडा उघडला तेव्हा त्या वय बघणाऱ्या बाईनं मला बोलावून दाखवलं. पहिली दाढ हिरडीशी लागलेली, बशीसारखी सपाट, खाचा नाहीत, उंचवटे नाहीत. फक्त मागच्या शेवटच्या दाढेवर पांढऱ्या कडेची एक छोटी चंद्रकोर उरलेली. "अशा माद्या हिवाळ्यात अन्न समोर असून उपाशी राहतात," ती म्हणाली. "चावताच येत नाही." दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. ही म्हण आपण माणसांच्या दैवासाठी वापरतो. जंगलात तो रोजचा हिशेब आहे.

तिनं वय लिहिलं नाही. आकड्याच्या जागी नऊ आणि पुढे अधिकची खूण, एवढंच लिहिलं. त्या छोट्या खुणेत मला नम्रता दिसली. जेवढं कळतं तेवढं लिहायचं, आणि पुढचं रिकामं ठेवताना त्याला अधिक म्हणायचं, उणं म्हणायचं नाही.

मी त्या मादीच्या कपाळावर हात ठेवला. केस दाट होते आणि थंडगार. नमुन्याच्या जबड्यापेक्षा हे वेगळं होतं. या तोंडानं किती हिवाळे चघळले असतील, किती पाडसं वाढवली असतील. कोणी तिचा वाढदिवस कधी केला नाही. पण आज एका अनोळखी माणसानं तिच्या दाढेकडे बघून तिचं आयुष्य थोडं तरी वाचलं, आणि तिचा आकडा जिवंत कळपाच्या कामी येणार होता. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. ते देणाऱ्याच्या मानासाठी. पण ज्याचं सगळं घेतलं, त्याचे दात मात्र नीट मोजावेत. तेवढी दखल घेणं आपल्यावर बाकी असतं.

*

रात्री मी भाच्याला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. फोन आक्कानंच उचलला. ती आता भाकरी दुधात कुस्करून खाते. बोलताना शब्द थोडे सांडतात.

"काय म्हणतोयस? तिकडं लई थंडी है म्हणं."

"आक्का, तुझी जन्मतारीख ठरवली."

"आता ठरवतोयस? म्हातारी झाले मी." ती हसली. "कसली तारीख?"

दिवसभर मी तिचं वय शोधत होतो. गांधीजी, दोन पावसाळे की तीन, बहात्तर, पोरांची वर्षं. मोजता मोजता कळलं की ऐंशीच्या आसपास आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. जुळल्यानंतरचं वय सांगता येत नाही. तिनं काय केलं, ते मला सांगता येतं, आणि आजवर मी ते तिला सांगितलं नव्हतं. तारीख मात्र मी तिला देऊ शकत होतो. माझ्याकडे एक होती. तीही मला दुधाचे दात बघून मिळालेली, शाळेच्या रजिस्टरातून आलेली. दाराबाहेर पाटी धरून उभ्या असलेल्या पोरीला ती तेव्हाच मिळायला हवी होती.

"एक जून," मी म्हणालो. "तुझी तारीख एक जून. गुरुजींना तीच सांगायची. कार्यक्रम तेव्हाच करू, मी येतो."

"ती तर तुझी है."

"आपल्या दोघांची."

फोनमध्ये थोडा वेळ काहीच आलं नाही. मागे कोंबडा आरवला, कोणीतरी बादली आपटली. मग आक्का हळूच म्हणाली, "म्हंजे मला शाळंत घातलंस म्हण की."